आमचा छोटा ॲनिमेशन स्टुडिओ मोठी कंपनी विकत घेतेय, सही करण्याआधी काय काय विचारायचं?

खाजनकाठ

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच इतकं लांब लिहितेय, जरा सांभाळून घ्या.

पर्वरीला आमचा छोटा ॲनिमेशन स्टुडिओ आहे, नाव लिहीत नाही. आम्ही अकरा जणं. आल्तिन्याच्या आर्ट कॉलेजातून बाहेर पडले आणि इथं लागले, ही माझी पहिली आणि एकच नोकरी, आता सात वर्षं होतील. मालकाला आम्ही सगळे दादाच म्हणतो. वर्षाचे नऊ-दहा महिने बाहेरच्या सीरियलचं सर्व्हिस वर्क, म्हणजे क्लीनअप (कच्ची चित्रं पक्क्या रेघेत काढणं), इनबिटवीन (दोन मुख्य चित्रांमधली चित्रं), कधी लेआउट (शॉटची मांडणी). त्यातून जे उरतं त्यावर आमचं स्वतःचं काम.

स्वतःचं म्हणजे आमची मगर. गोव्यातल्यांना माहीत असेल, दुर्भाट-बोरीच्या बाजूला पौषातल्या अमावास्येला खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, चिखलाची मगर करून पुजतात, मानगेथापणी. माझी आजी तिकडचीच. दादाने त्यावरून एक बारकी मगर काढली होती, चिखलाची, पाठीवर तिसऱ्यांचे शिंपले, आणि तिची आम्ही सहा मिनिटांची फिल्म केली. तिचं चालणं मी केलंय. सेकंदाला बारा चित्रं, सगळी हाताने कागदावर. आधी शेपूट सरकतं, मग पोट, मग पुढचा पाय चिखलातून सुटतो, आणि पाठीवरचा एक शिंपला सैल आहे, तो बाकीच्यांपेक्षा दोन चित्रं उशिरा हलतो. एवढंच बसवायला मला अडीच महिने गेले, रोज सर्व्हिसचे शॉट संपवून सहानंतर बसायचे, शेवटची बस चुकली की भाऊ फोंड्याहून न्यायला यायचा.

आता मुद्दा. नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे चित्रपट महोत्सवाच्या, वेळी मिरामारला फिल्म बाजार भरतो तिथं दादाची एका मोठ्या कंपनीच्या माणसांशी ओळख झाली, मुंबईची कंपनी, मुलांचे कार्यक्रम करतात, स्वतःचं ॲप पण आहे. त्यांना आधी फक्त मगरीची सीरीज हवी होती. आता म्हणतात पूर्ण स्टुडिओच घेतो. दादाचं पण खरं आहे, बाहेरचे पैसे तीन-तीन महिने उशिरा येतात, गेल्या वर्षी आमचे दोन पगार लांबले तेव्हा त्याने घरावर कर्ज काढून दिले, ते अजून फिटलं नाहीये. तो थकलाय हे आम्हाला रोज दिसतं.

मागच्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना एकेक पत्र मिळालं. पगार दोन वर्षं आहे तोच राहील. नोटीस पिरियड एक महिन्याचा तीन महिने होणार. सोडून गेलात तर एक वर्ष दुसऱ्या कुठल्याही ॲनिमेशन कंपनीत काम करायचं नाही. आणि एक ओळ आहे की मी आजपर्यंत केलेलं आणि पुढे करेन ते सगळं काम कंपनीचं. महिन्याअखेरीला सही करून द्यायची आहे. दादा म्हणतो गो फॉर्मॅलिटी आहे ती, सगळीकडे असंच असतं. मला तसं वाटत नाहीये पण त्याला विचारायला गेले की घशात येतं, त्याने आमच्यासाठी घर गहाण टाकलंय आणि मी त्याला कलमं विचारायची का?

सही करू का? काय विचारू? गोव्यातलं ऑफिस बंद करून मुंबईला या म्हटलं तर? आणि आमच्या मगरीचं काय होणार?

---

रेंडरनाईट

तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी चौदा वर्षं मुंबईत काढली, आता काणकोणला घरी असतो आणि घरूनच काम करतो. ह्या रस्त्यावरून मी गेलोय म्हणून लिहितोय, घाबरवायला नाही.

आमचा स्टुडिओ मालाडला होता, तीसएक माणसं, तो पण असाच घेतला एका मोठ्यांनी. पहिलं वर्ष छान गेलं. नवीन खुर्च्या आल्या, पगार एक तारखेला यायला लागले, आम्ही म्हटलं उगाच भीत होतो. दुसऱ्या वर्षी सर्व्हर त्यांच्या मोठ्या ऑफिसात हलवला. मग टूडीची टीम त्यांच्या दुसऱ्या शहरातल्या टीममध्ये मिसळली. मग आमच्या हेडने नोकरी सोडली, कारण त्याचा करारच दोन वर्षांचा होता. तिसऱ्या वर्षी मी माझ्या जुन्या फिल्मची मूळ फाइल मागायला गेलो, शो-रीलसाठी, म्हणजे स्वतःच्या कामाचे नमुने दाखवायला, दोन शॉट हवे होते फक्त. कोणालाच माहीत नव्हतं ती कुठल्या ड्राइव्हवर आहे. कोणी मुद्दाम काही केलेलं नव्हतं, ते सांभाळणारं माणूसच उरलेलं नव्हतं. आजपण माझ्याकडे त्या फिल्मची एक यूट्यूबवरून उतरवलेली कॉपी आहे, बस.

म्हणून तुझ्या पत्रातलं "पगार दोन वर्षं तोच" हे मी वेगळं वाचतो. हे दोन वर्षांनंतरचं काहीच सांगत नाहीये.

आणि विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते हाच, ते नक्की काय विकत घेतायत? मगर, अकरा माणसं, की अकरा माणसांचे कामाचे तास? मगर हवी असेल तर तुम्ही त्यांना एक-दोन वर्षंच लागाल. माणसं हवी असतील तर पर्वरीचं ऑफिस टिकेल. नुसते तास हवे असतील तर ते उद्या दुसरीकडे स्वस्तात मिळतील. त्यांनी आधी कोणाला घेतलंय का बघ, आणि तिथल्या आता सोडून गेलेल्या माणसांना फोन कर, आत असलेले काही बोलणार नाहीत.

चांगलं काम केलं की आपण वाचतो हे पण मनातून काढून टाक. ऱ्हिदम अँड ह्यूज ह्या अमेरिकन इफेक्ट्स स्टुडिओने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्यांच्या कामाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. मुंबई-हैदराबादला त्यांची ऑफिसं होती, तिथं माझे मित्र होते. आणि मोठ्या छताखाली गेलो म्हणजे सेफ असंही नाही, फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही इफेक्ट्सची मोठी कंपनी कोसळली तेव्हा बंगळुरूतली केवढी माणसं एका झटक्यात घरी बसली ते सगळ्यांनी बघितलंय.

---

फोंड्याचो

मी जरा उलटं बोलणार आहे, रागावू नका.

इथं विकणं म्हणजे वाईट असं धरूनच सगळे बोलतायत. ताई तूच लिहिलंयस की दादाने घरावर कर्ज काढलंय. न विकता काय होईल ते पण बघायला हवं ना? अजून एक क्लायंट पैसे बुडवेल आणि स्टुडिओ तसाच बंद पडेल, तेव्हा मगर पण जाईल आणि दादाचं घर पण. माझे वडील प्रिंटिंग प्रेस चालवायचे, शेवटपर्यंत विकली नाही, आणि शेवटी मशिनं भंगाराच्या भावात गेली, कामगारांना द्यायला काही उरलं नव्हतं. त्या माणसांच्या घरी आई अजून तोंड दाखवायला कचरते. त्यामुळे वेळेत विकणं हे मला कमीपणाचं वाटत नाही.

डिस्नेने २००६ मध्ये पिक्सार घेतली, ७४० कोटी डॉलरचा सौदा. तेव्हा पिक्सारवाल्यांनी लिहून घेतलं होतं की नाव तेच, जागा तीच एमरीव्हिलची, दारावरची पाटी तीच, माणसांचे नियम पण त्यांचेच, आणि माणसांकडून नोकरीचे करार लिहून घ्यायचे नाहीत. पिक्सारचे कॅटमल आणि लॅसेटर उलट डिस्नेच्याच ॲनिमेशनचे प्रमुख झाले. आता दुसरं बघा, ब्लू स्काय. तो फॉक्सचा स्टुडिओ, २०१९ ला फॉक्सचा मोठा भाग डिस्नेने घेतला त्यात तो आपोआप आला, त्याच्यासाठी कोणी काही वेगळं लिहून घेतलेलं नव्हतं. २०२१ च्या एप्रिलात बंद. साडेचारशेच्या आसपास माणसं. अर्धवट राहिलेला सिनेमा दुसऱ्यांनी उचलला आणि तो २०२३ मध्ये बाहेर आला.

घेणारी कंपनी दोन्हीकडे एकच. आता कोणी म्हणेल पिक्सारकडे स्टीव्ह जॉब्ज होता, हिट सिनेमे होते, तुमच्याकडे काय आहे? तर तुमच्याकडे मगर आहे आणि ते तिच्यासाठीच आलेत. म्हणजे मागायची ताकद आज आहे, सही झाल्यावर नसणार.

---

मांडवीपार

अजून एक रस्ता असतो, कामगारांनीच स्टुडिओ घ्यायचा. ब्रिस्टलच्या आर्डमनने २०१८ मध्ये तसंच केलं, दोन्ही संस्थापक म्हातारे होत चालले होते तर ७५ टक्के हिस्सा कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडे दिला. बाहेरच्याला न विकता.

---

फोंड्याचो

माहीत आहे. पण आर्डमनकडे चाळीस-पन्नास वर्षांची कमाई होती, इथं घर गहाण आहे. अकरा जणांनी कर्ज काढून कर्ज विकत घ्यायचं का? जपानच्या जिब्लीसारख्या घिब्लीसारख्या, नाव कसंही उच्चारा, एवढ्या मोठ्या स्टुडिओला पण २०२३ मध्ये निप्पॉन टीव्हीच्या छताखाली जावं लागलं, ४२.३ टक्के मतांचा हक्क देऊन, कारण त्यांचे मुख्य दिग्दर्शक मियाझाकी ८२ चे झाले आणि पुढे चालवायला कोणी तयार होईना. पण तिथं पण बघा, चित्रपट कसे करायचे ते स्टुडिओच ठरवणार असं दोन्ही कंपन्यांनी आधीच जाहीर केलं.

---

कोर्टामागची गल्ली

मी वकील आहे, मडगावला प्रॅक्टिस करते, कंपनीची कामं बघते. कागद न बघता सल्ला देणं बरोबर नाही त्यामुळे हे सगळं मोघम समज आणि पत्र घेऊन कोणाकडे तरी नक्की जा, अकरा जणांनी मिळून एक वकील केला तर फी जड जाणार नाही.

सगळ्यात आधी दादाला एवढंच विचार, शेअर विकतोय की धंदा विकतोय. शेअर विकले तर कंपनी तीच राहते फक्त मालक बदलतो, तुमची नोकरी, तुमची सात वर्षं, सगळं आहे तसं चालू राहतं आणि खरं म्हणजे नव्या पत्राची गरजच नसते, मग ते नवीन पत्र का देतायत हे विचारायला पाहिजे. धंदा उचलून दुसऱ्या कंपनीत नेला तर तुम्ही नव्या कंपनीचे नोकर होता, तेव्हा जुनी सेवा धरली जाईल ही ओळ पत्रात हवीच. का, तर ग्रॅच्युइटी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागी ती लागू होते, तुम्ही अकरा आहात, आणि त्यासाठी लागणारी पाच वर्षं तुझी कधीच झाली. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, तोही महिना सव्वीस दिवसांचा धरून. सात वर्षांचे ते पैसे तुझे आहेत, कोणाची मेहरबानी नाही. नवीन पत्रात "रुजू होण्याची तारीख" काय टाकलीय ते आजच बघ.

एक वर्ष दुसरीकडे काम नाही, ह्याला फार घाबरू नकोस. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम आहे, माणसाला पोटापाण्याचा धंदा करायला बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्द असतो. नोकरीत असताना दुसरीकडे काम करू नको असं सांगू शकतात, सोडल्यावर नाही. पण त्याच कलमाला एक अपवाद आहे, जो आपल्या धंद्याचं गुडविल, म्हणजे नाव आणि जमलेली गिऱ्हाइकं, विकतो त्याच्यावर ठरावीक भागापुरती वाजवी बंदी चालते. म्हणजे ती ओळ तुला लागणार नाही पण दादाला लागू शकते. त्याला हे कोणी सांगितलंय का? त्याने उद्या परत पेन्सिल हातात घेतली तर काय, हे त्याने स्वतःसाठी विचारायला हवं. तीन महिन्यांची नोटीस मात्र लागू होते, ती मान्य नसेल तर आत्ताच बोला.

आता "आजपर्यंतचं सगळं काम". नोकरीत कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, मालकाचाच असतो, १९५७ चा कायदा, कलम १७. त्यामुळे मगरीच्या चालण्यावर तुझा मालकी हक्क बहुधा नाही, वाईट वाटेल पण खरं तेच सांगते. पण "सगळं काम" ह्यात तुझ्या घरच्या वहीतली चित्रं पण ओढली जातील, म्हणून त्या ओळीत "नोकरीचा भाग म्हणून केलेलं" एवढे शब्द घालून घे, आणि स्वतःच्या कामाची यादी पत्राला जोड. आणि चित्र कोणी काढलं हे सांगायचा हक्क कॉपीराइट विकला तरी काढणाऱ्याकडे राहतो, कलम ५७. फिल्मच्या शेवटी नाव येईल की नाही हे मात्र करारातच लिहून घ्यावं लागतं, तोंडी कोणी पाळत नाही.

आता मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी. तू लिहिलंयस दादाने मगर "काढली होती". कधी? कंपनी रजिस्टर व्हायच्या आधी की नंतर?

---

खाजनकाठ

ताई, आधी. नक्की आधी. मी लागले तेव्हा कंपनी एकच वर्षाची होती, आणि त्या वहीवर २०१४ आहे, पहिल्याच दिवशी त्याने मला ती दाखवलेली. काळ्या बॉलपेनाने काढलीय, कदंबा बसच्या तिकिटाच्या मागे पण एक आहे, ते तिकीट वहीत चिकटवलंय.

---

कोर्टामागची गल्ली

मग हे फार महत्त्वाचं आहे. कंपनी नव्हती, तो कोणाचा नोकर नव्हता, म्हणजे ती मूळ मगर दादाची स्वतःची. कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, त्याने कधी तसं कंपनीला लिहून दिलेलं नसेल तर नुसते शेअर विकून मगर जात नाही. फिल्म जाईल, ती कंपनीने केलीय. पात्र नाही. घेणाऱ्यांचे वकील हे दोन दिवसांत शोधतील आणि दादासमोर एक वेगळा कागद ठेवतील, त्याच्यावर त्याने सहज सही करू नये एवढंच. मगर विकण्याऐवजी तो ती त्यांना सीरीजसाठी ठरावीक वर्षांच्या लायसन्सवर देऊ शकतो. किती वर्षं आणि कुठल्या देशांत हे लिहायला विसरू नका, नाहीतर कायदा स्वतः पाच वर्षं आणि भारत असं धरतो आणि मग दोघांचीही भांडणं होतात. आणि इतक्या वर्षांत सीरीज केली नाही तर हक्क परत, ही ओळ मी असते तर आधी टाकली असती. अशा किती गोष्टी विकत घेऊन नुसत्या ठेवून दिलेल्या असतात.

---

पाटपाणी

मध्येच बोलते. मी बाहेरून बॅकग्राउंड रंगवून देते, दोन-तीन स्टुडिओंना. अशा वेळी आमची आठवण कोणालाच येत नाही. तुमच्या फिल्मला बाहेरच्या कोणी बॅकग्राउंड, म्युझिक, आवाज दिले असतील तर त्यांचे कागद आहेत का बघा. माझ्या बाबतीत एकदा असं झालं की चार वर्षांनी अचानक फोन आला, उद्यापर्यंत सही करून स्कॅन पाठव, सौदा अडकलाय. राहिलेले पैसे मागितले तर म्हणे ते जुन्या मालकाला विचारा. आधीच बसून ज्यांचं द्यायचं आहे ते देऊन टाका, नंतर कोणी कोणाला ओळखत नाही.

---

खाजनकाठ

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. चार दिवस काही लिहिलं नाही कारण आधी दादाशी बोलायचं होतं.

मी एकटी नाही गेले, आम्ही पाच जणं गेलो, दुपारी चहाच्या वेळी. मी पत्र टेबलावर ठेवलं आणि विचारलं की दादा हे तू स्वतः वाचलंयस का. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला रकमेचं पान वाचलं, बँकेचा आकडा त्यातून जातो का बघितलं, बाकी सीएला दिलं. मग त्याने आमच्या समोरच सगळं वाचलं, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून. तीन महिन्यांच्या नोटिशीला थांबला. एक वर्षाच्या बंदीला थांबला. त्याच्या स्वतःच्या करारात पाच वर्षं आहे, पाच वर्षं ॲनिमेशनचा धंदा करायचा नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. रेंडरनाईट काका, तुमची ती हरवलेल्या फाइलची गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा तो उठून आत गेला आणि वही घेऊन आला.

आता ठरलंय ते असं. शेअरच विकायचेत, ते त्याने कन्फर्म केलं. माझ्या पत्रात रुजू व्हायची तारीख एक एप्रिल टाकलेली, म्हणजे ताई तुम्ही म्हणालात तेच, ती सगळ्यांच्या पत्रात बदलून मागितलीय. मगर तो विकणार नाही, सीरीजसाठी सात वर्षांचं लायसन्स देतो म्हणून कळवलंय, आणि तीन वर्षांत सीरीज सुरू झाली नाही तर परत. पर्वरीचं ऑफिस किती वर्षं ठेवणार ते लेखी द्या म्हणून पण सांगितलंय. त्यांचं उत्तर अजून आलं नाहीये. कदाचित रक्कम कमी करतील, कदाचित नकोच म्हणतील, दादाने बँकेत जाऊन हप्त्यांबद्दल बोलून ठेवलंय. मला झोप तशी लागत नाहीच पण घशातलं ते गेलंय. पाटपाणी, आमच्याकडे दोघांचे पैसे राहिले होते, आवाज दिलेल्या काकींचे आणि एका बॅकग्राउंडवाल्याचे, ते शुक्रवारी दिले.

ताई अजून एकच विचारायचं आहे. फिल्मची सगळी मूळ चित्रं कागदावर आहेत, चार हजारांच्या वर, दोन पत्र्याच्या ट्रंकांत. पावसात दरवर्षी बुरशी धरते म्हणून आम्ही ऑक्टोबरात ऊन बघून गच्चीवर वाळवतो, कडुलिंबाचा पाला घालतो. कंपनीच्या सामानाच्या यादीत त्यांनी "जुने कागद, २ ट्रंक" असं लिहिलंय, किंमत शून्य. ते आम्हाला ठेवता येतील का?

---

कोर्टामागची गल्ली

येतील, पण मागावे लागतील. चित्राचा कॉपीराइट आणि तो कागद ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक विकली म्हणून दुसरी आपोआप जात नाही किंवा राहत नाही. आत्ता त्या ट्रंका कंपनीच्या आहेत. किंमत शून्य त्यांनीच लिहिलीय ना, मग सौद्याच्या आधी त्या यादीतून काढून दादाच्या नावावर करायला सांग, एक साधं पत्र पुरेल, कंपनीचा शिक्का आणि तारीख. ट्रंकांत काय आहे त्याची शॉटप्रमाणे मोजणी करून यादी जोडा, आणि त्यांना हवं तेव्हा स्कॅन करायला देऊ असं लिहा म्हणजे ते अडवणार नाहीत. यादी करायला किती दिवस लागतील?

---

खाजनकाठ

शनिवार-रविवार सगळे येतायत. उन्हं आहेत तोवर वाळवून पण घेऊ.